महिलांची लक्षणीय उपस्थिती

मुदखेड जंक्शनवर गाडी थांबायची तेवढी थांबते आणि वर थोडी आपल्या मर्जीनं थांबते. नागसेन हनमंते त्या वरच्या वेळातच वाचायला शिकला. वडील व्यंकटराव रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासून आलेली माणसं दुपारी लिंबाखाली भाकरी सोडत, कुणीतरी डब्यात पडलेला पेपर उचलून आणी आणि चौथीतला नागसेन तो मोठ्यानं वाचून दाखवी. त्याची एक खोड होती. 'अपघातात दोन जखमी' असं आलं की तो मध्येच थांबून विचारायचा, "कोण दोघं?"

गँगमन हसायचे. "आरं, पेपरवाल्यालाच म्हाईत न्हाई, अन् आमाला काय पुसून राहिला?"

पुढं हाच पोरगा पेपरवाला झाला. तालुक्याचा वार्ताहर. बत्तीस वर्षं. आज गावात कुणी त्याला नावानं ओळखत नाही, 'तीरवार्तावाले' म्हणतात. लातूरहून निघणारं 'दैनिक तीरवार्ता' हे त्याचं पत्र, आणि त्या पत्रातले बातमीविभागाचे प्रमुख रामलिंग बिडवे हे त्याचे सर. सर कधी शाळेत शिकवायला नव्हते. पण नागसेन जे काही शिकला ते त्यांच्या लाल शाईकडून शिकला, त्यामुळे दुसरं काही म्हणणं त्याच्या जिभेवर आलंच नाही.

त्याची पहिली बातमी पाणीटंचाईची होती. फाटकाजवळच्या वस्तीला पाणी नाही, प्रशासन झोपलंय, संताप व्यक्त होत आहे, असं सगळं त्यानं ठसक्यात लिहिलं आणि पाकिटावर 'प्रेस मॅटर' असं ठळक घालून नांदेडच्या बसच्या कंडक्टरकडे दिलं. त्या काळी बातमी बसनं जायची. नांदेडच्या स्टँडवरचा पेपरविक्रेता ते पाकीट लातूरच्या गाडीत टाकायचा, आणि लातूरला पेपरचा शिपाई ते उतरवून घ्यायचा. कंडक्टर कुणी एक पैसा घेत नसे. पेपरचं काम म्हणजे गावाचं काम, असं समजायचे बिचारे.

दुसऱ्या दिवशी पाकीट परत आलं. आत त्याचाच कागद, आणि 'संताप व्यक्त होत आहे' याच्याखाली लाल रेघ. बाजूला दोन शब्द होते. 'कोणी पाहिलं?' खाली बारीक अक्षरात आणखी लिहिलं होतं: 'किती घरं? पाणी किती लांब? मोजून ये.'

नागसेनला राग आला. पण तो गेला. वस्तीतून विहिरीपर्यंत चालला, पावलं मोजली, घरं मोजली, पुन्हा लिहिलं. पुन्हा पाकीट परत. 'नावं दोनदा विचारलीस का? एकदा लिहिण्याआधी, एकदा लिहून झाल्यावर त्यांनाच वाचून दाखवून.' तिसऱ्यांदा पाठवली तेव्हा कुठं चार ओळी छापून आल्या. चारच ओळी, पण तहसीलदारापासून नगराध्यक्षापर्यंत कुणालाही त्यातलं एक अक्षर खोडता आलं नाही. आठवड्यात टँकर आला. वस्तीतल्या एका म्हातारीनं नागसेनच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

त्यानंतर तो लातूरला सरांना भेटायला गेला. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत घर. तेव्हा डाळमिलची धूळ सगळ्या गल्लीवर असायची. सरांच्या पत्नी महानंदाकाकूंनी आडनाव विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि सरांच्या शेजारी पाट मांडून कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी वाढली. बौद्ध वस्तीत वाढलेल्या नागसेनला हे नवं होतं. परगावी पाण्याआधी आडनाव विचारणारी घरं त्यानं पुष्कळ पाहिली होती. तो भाकरी मोडायचंच विसरला. "खा की रे," सर म्हणाले, "तिचं मॅटर मात्र परत जात नसतं." हे त्यानं मुदखेडला येऊन बायकोला, महामायाला, सांगितलं. अजूनही सांगतो.

पुढची सोळा-सतरा वर्षं नागसेननं खरंच बातम्या लिहिल्या. अर्धापूरकडं वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या तेव्हा बाकीच्यांनी 'अतोनात नुकसान' लिहून हात झटकले, आणि हा तीन दिवस सायकलवर फिरून एकेक बाग मोजत बसला. लोक त्याला वेडा म्हणायचे, आणि काही खरं कळून घ्यायचं असलं की त्याच्याचकडे यायचे.

मग सर निवृत्त झाले. शिपाई गेला, पाकिटं गेली, फॅक्स आला नि गेला आणि मोबाईल आला. इथून पुढची गोष्ट सांगताना जरा जीभ कडू होते, पण ती सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. तालुक्यात बातमीदार कमी झाले आणि पत्रकार वाढले. गाडीच्या काचेवर 'प्रेस' लिहिलेली माणसं गल्लोगल्ली झाली आणि त्यांतल्या कुणाच्या चपलेला गावाची माती लागेना. अकरा जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. ज्याचा कार्यक्रम, त्यानंच आपली बातमी लिहून ग्रुपवर टाकायची. अकरा जणांनी पहिली ओळ बदलायची, वर 'प्रतिनिधी' लिहायचं आणि पुढं ढकलायची. सगळे कार्यक्रम उत्साहात, सगळ्या सभा खेळीमेळीत, सगळे सत्कार मान्यवरांच्या हस्ते. कित्येकदा तर उद्याचा कार्यक्रम आजच 'संपन्न' होऊन जायचा. एकदा पाहुणेच आले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी अकरा पेपरांत त्यांचं मौलिक मार्गदर्शन छापून आलं. उरलेल्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यातल्या टोप्या, फेटे आणि गॉगल पाहून वाचकालाच कळेना की ही बातमी आहे की लग्नाचा अल्बम.

आणि नागसेन? तोही त्या अकरांतलाच एक. हे लपवून ठेवलं तर सरांची लाल शाई आपल्यालाही आडवी येईल. गुडघा दुखायला लागला होता. लातूरच्या कचेरीत आता मालकाचा मुलगा महांतेश संपादक झाला होता, आणि त्याला बातमी मोजून नको होती, लवकर पाहिजे होती. मोजून पाठवलेली बातमी दोन दिवसांनी येते म्हणून तो छापेना. नागसेन आधी चिडला, मग कंटाळला, मग इतरांसारखा झाला. तसं व्हायला फार दिवस लागत नाहीत.

मुदखेडपासून तेरा-चौदा किलोमीटरवर कोरटवाडी नावाचं गाव आहे. गावाच्या मधून राज्य रस्ता जातो. रस्त्याच्या अलीकडं बौद्ध वस्ती, पलीकडं बाकीचं गाव. अंगणवाडी वस्तीत, विहाराला लागून आहे. तिची मदतनीस केवळाबाई गजभारे गेली एकवीस वर्षं तिथं खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते आणि दुपारी एकेकाला घरी पोचवते. सरपंच रामकिशन यांच्या मनात आलं की अंगणवाडी रस्त्यापलीकडं, आपल्या भावाच्या नव्या इमारतीत न्यायची. म्हणजे वस्तीतल्या तीन-चार वर्षांच्या पोरांनी रोज केळीच्या नि उसाच्या गाड्यांमधून रस्ता ओलांडायचा. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागणार होता.

ग्रामसभा गुरुवारी अकरा वाजता होती. बातमी ग्रुपवर साडेनवालाच आली. 'कोरटवाडी येथे ग्रामसभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न. अंगणवाडी स्थलांतराचा ठराव सर्वानुमते मंजूर.' नागसेन तेव्हा गुडघ्याला तेल चोळत ओसरीत बसला होता. घड्याळ त्याला दिसत होतं. सभा अजून व्हायची आहे हेही त्याला कळत होतं. पण उठायचं कुणी? त्यानं पहिली ओळ बदलली. पाहिलं तर बातमी कोरडी वाटली. अंगणवाडीचा विषय आहे, बायका असणारच, असं वाटून त्यानं शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य घातलं: 'यावेळी महिलांची लक्षणीय उपस्थिती होती.' आणि पाठवून दिली. तेल चोळलेल्या हातानंच.

झालं असं होतं की बायका खरोखरच गेल्या होत्या. अकराला गेल्या तर पंचायतीच्या दाराला कुलूप. सरपंच लग्नाला गेले, सभा तहकूब झाली, असं शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं. त्या परत आल्या आणि कामाला लागल्या.

महिनाभरानं एका दुपारी केवळाबाई रिक्षानं मुदखेडला आली आणि नागसेनच्या दारात उभी राहिली. "जयभीम, दादा." पिशवीतून तिनं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पेपरचं कात्रण काढलं.

अंगणवाडी हलवायची फाईल तालुक्याच्या कचेरीत गेली होती. बायका हरकत घ्यायला गेल्या, तर तिथल्या अधिकारी मॅडमनी फाईल उघडून दाखवली. ठरावाला जोड म्हणून अकरा पेपरांची कात्रणं लावलेली. दहांत नुसता ठराव होता. अकराव्यात, तीरवार्ताच्या कात्रणात, शेवटच्या वाक्याखाली कुणीतरी पेनानं रेघ मारली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, बाई, तुम्ही स्वतः सभेला होतात असं पेपरात आलंय. तेव्हा गप्प बसलात, मग आता हरकत कशी घेता? तरी त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. काही पुरावा असेल तर घेऊन या म्हणाल्या.

हे सगळं सांगून केवळाबाई खाली बसली. नागसेनला वाटलं, आता शिव्या बसणार. तो मान खाली घालून वाट पाहत राहिला.

"दादा, एक पुसू का?" ती म्हणाली. "दुसरीकडं कुठं सभा झाली व्हती का? आमी गेलो तर कुलूप व्हतं. पर तुमी लिवलं म्हंजी तुमी बघितलं असंल. तुमी न बघता लिवत न्हाईत, हे समद्या वस्तीला ठाव हाय. मंग आमाला कळलंच न्हाई का? का आमच्या नावानं दुसऱ्या बाया बसविल्या व्हत्या? तुमी आमाला कुठं बघितलं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या कुलपापेक्षा तिचा नागसेनच्या छापलेल्या ओळीवर जास्त विश्वास होता. एकवीस वर्षांपूर्वी ही अंगणवाडी मंजूर होऊनही बांधली जात नव्हती, तेव्हा त्यानंच वस्तीतली पोरं मोजून बातमी दिली होती, आणि ती नावं त्यानं दोनदा विचारली होती. बाई ते विसरली नव्हती. शिवी दिली असती तर नागसेननं सोसली असती. हे सोसवेना.

"अक्का," तो म्हणाला, "मी गेलोच न्हाई तिथं. घरी बसून लिवलं. ते बायांचं वाक्य माझ्याच मनाचं हाय."

केवळाबाईनं हातातल्या कात्रणाकडं पाहिलं. "असं बी लिवता येतं का?" एवढंच ती म्हणाली. मग महामायानं पुढं केलेला चहा प्याली, कात्रण पुन्हा नीट गुंडाळलं आणि निघाली. "मुदत पंधरा दिवसांची हाय, दादा," ती जाता जाता म्हणाली.

महामाया आतून सगळं ऐकत होती. संध्याकाळी तिनं नवऱ्याचा धुतलेला शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "उद्या लातूरला जाऊन या. सरायला सांगून या."

सर आता ऐंशीचे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. तरी रोज सकाळी सहा पेपर, एक भिंग आणि एक लाल पेन घेऊन बसतात. काकू म्हणतात, हे पेपर वाचत नाहीत, तपासतात. नागसेन गेला तेव्हाही एका वाढदिवसाच्या पानावर त्यांनी लाल पेनानं लिहिलं होतं: 'वय?'

नागसेननं सगळं सांगितलं. काही राखलं नाही. सरांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "लक्षणीय हा शब्द मी तुला कधी लिहू दिला होता का?"

"न्हाई, सर."

"का नाही?"

"लक्षणीय म्हंजे किती, ते कळत न्हाई."

"मग?"

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डोळे पुसायला रुमाल शोधू लागला. सरांनी त्याला शोधू दिला. मग म्हणाले, "हे बघ नागसेना. चूक जिथं केली तिथंच उभं राहून सांगायची असते. पेपरात केलीस, पेपरात सांग. त्याच पानावर, त्याच जागी."

तिथूनच त्यानं महांतेशला फोन लावला. महांतेशनं ऐकून घेतलं आणि तो हसला. "काका, खुलासा छापला की लोक म्हणतात पेपर खोटं छापतो. उगाच कशाला? आणि रामकिशनराव आपले माणूस आहेत, दिवाळीला जाहिरातीचं पान देतात." नागसेन म्हणाला, मग मी कचेरीत लिहून देतो. त्यावर महांतेशचा आवाज बदलला. "तसं लिहून दिलंत तर तीरवार्ताचा आणि तुमचा संबंध राहणार नाही. पत्रकाराचं कार्ड परत पाठवा."

फोन ठेवून नागसेन सरांकडं बघत राहिला. बत्तीस वर्षांचं कार्ड, दारावरची पाटी, तहसीलात मिळणारी खुर्ची. दुसरीकडं काय होतं? पाच-पंचवीस पोरं आणि मधून जाणारा रस्ता. तोलून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी त्याचा हात क्षणभर खिशातल्या कार्डावर गेलाच.

"कार्डानं काय होतं रे," सर म्हणाले, "तुझ्या पहिल्या चार ओळी आल्या तेव्हा तुझ्याकडं कुठं कार्ड होतं?"

काकूंनी मध्येच ताट आणून ठेवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. या वेळी नागसेन भाकरी मोडायचं विसरला नाही. भूक लागली होती आणि मन हलकं झालं होतं. तो पोटभर जेवला.

मुदतीच्या बाराव्या दिवशी तो केवळाबाईसोबत कचेरीत गेला. वस्तीतल्या आणखी सात बाया होत्या. सरपंच रामकिशनही आले होते. नागसेननं सहा ओळींचा कागद मॅडमसमोर ठेवला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. 'कोरटवाडी ग्रामसभेची दैनिक तीरवार्तातील बातमी मी पाठवली. मी सभेच्या ठिकाणी गेलो नव्हतो. मला आलेला मजकूर सभेच्या वेळेआधी दीड तास आला होता. तो संदेश वेळेसह सोबत जोडला आहे. महिलांच्या उपस्थितीचे वाक्य त्या मजकुरात नव्हते. ते मी घरी बसून लिहिले.' खाली सही, आणि नाव.

रामकिशन हसून म्हणाले, "मॅडम, नागसेनभाऊ आता थकले. त्यायला आठवत नसंल."

मॅडमनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी संदेशावरची वेळ दोनदा पाहिली. मग नागसेनला विचारलं, "हे लिहून द्या म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं न्हाई," नागसेन म्हणाला. "ह्या केवळाबाईनं पुसलं, आमाला कुठं बघितलं म्हणून. त्याचं उत्तर हाय हे."

ठराव बाजूला ठेवला गेला. ग्रामसभा पुन्हा घ्या, आमचा माणूस हजर राहील, असा कागद कोरटवाडीला गेला. नागसेननं त्याच दिवशी कार्ड पोस्टात टाकलं आणि घरी येऊन दारावरची पाटी उतरवली. पाटीखालचा रंग मूळचा तसाच राहिला होता, तेवढा चौकोन अजून उठून दिसतो.

तीन आठवड्यांनी सभा झाली. नागसेनला आता कुठल्याच पेपरनं पाठवलं नव्हतं, पण तो दहा वाजताच जाऊन शाळेच्या पटांगणात उभा राहिला. एवढं कडाक्याचं भांडण त्या गावानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. रस्त्यापलीकडच्याही बाया वस्तीच्या बाजूनं बोलल्या. एका बाईनं तर सरपंचांनाच विचारलं, "तुमचा नातू लहान असता तर तुमी त्याला रोज रस्ता वलांडाया लावला असता का?" सरपंच खाली बसले. अंगणवाडी आहे तिथंच राहील, असा ठराव झाला.

नागसेननं बाया मोजल्या. एकसष्ट. मग वही घेऊन तो प्रत्येकीपाशी गेला, नाव विचारलं, लिहिलं, वाचून दाखवलं. गुडघा बोंबलत होता. बाया हसत होत्या. "दादा, आमाला साडी वाटून राहिले का काय?" असं एकीनं विचारलं तेव्हा सगळं पटांगण हसलं, आणि नागसेनही हसला. मनातून त्याला इतकं बरं वाटत होतं की हे बरं वाटणं आपल्याला कुणी परत दिलं याचा तो हिशोब करू लागला. सरांनी दिलं म्हणावं, तर त्यांच्याकडं जायला महामायानं सांगितलं होतं. महामायानं म्हणावं, तर दारात केवळाबाई येऊन बसली म्हणून ती बोलली होती. शेवटी त्यानं तिघांचेही मनातल्या मनात आभार मानले आणि पुढचं नाव विचारलं.

बाकीच्या दहांपैकी सभेला एकही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी दहा पेपरांत बातमी मात्र आली: 'कोरटवाडीत ग्रामसभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न.' एवढ्या भांडणाला खेळीमेळी म्हणायला छाती लागते.

नागसेननं आपली बातमी हातानं लिहिली. छापणारं कुणी नव्हतं, तरी लिहिली. कोण काय बोललं, कुणी काय उत्तर दिलं, आणि खाली नावांची यादी. पाकिटात घालून सवयीनं वर 'प्रेस मॅटर' लिहिलं आणि नांदेडच्या स्टँडवर जाऊन लातूरच्या गाडीच्या कंडक्टरपुढं धरलं. कंडक्टर नवा होता. "काका, पार्सल हापिसात द्या." नागसेन म्हणाला, "कागदच हाय, बाबा. लातूरला एक म्हातारे सर उतरवून घेतील." कंडक्टरनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तिकिटांच्या मशीनखाली खोचून ठेवलं. नागसेनचा फोन गेला होता, म्हणून लातूरला ऐंशी वर्षांचे सर काठी टेकत रिक्षानं स्टँडवर आले आणि पाकीट घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी, सरांनी फोनवर सांगितलेल्या गाडीनं, नांदेडला पाकीट परत आलं.

नागसेननं ते स्टँडच्या बाकावर बसूनच फोडलं. पंधरा वर्षांनी त्याच्या कागदावर लाल शाई होती. एका ठिकाणी 'प्रचंड गदारोळ'मधलं 'प्रचंड' खोडलेलं. एका ठिकाणी 'छान'. आणि यादीच्या शेवटी, थरथरत्या अक्षरात: 'बाया एकसष्ट लिहिल्यास. नावं साठच आहेत. मी दोनदा मोजली. एकसष्टावी कोण?'

नागसेननं मोजली. साठच होती. त्यानं डोळे मिटून पटांगण आठवलं. एकेक ओळ, एकेक चेहरा. आणि मग त्याला पटांगणाच्या फाटकाशी पायरीवर बसलेली बाई दिसली. खांद्याशी एक, मांडीवर एक, अवतीभवती दहा-बारा पोरं. आयांना आत बोलता यावं म्हणून सगळ्यांची पोरं धरून बाहेर बसलेली. मोजताना त्यानं तिला मोजलं होतं. नावं विचारत फिरताना फाटकापर्यंत तो गेलाच नव्हता.

तो तसाच नांदेडहून मुदखेडला आणि मुदखेडहून कोरटवाडीला गेला. अंगणवाडीत खिचडीची वेळ होती. पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती, आणि केवळाबाई पळीनं वाढत होती. नागसेननं वही काढली.

"अक्का, तुमचं पूरं नाव सांगा."

"माजं कशाला? मी तर भाईरच व्हते."

"म्हणूनच पुसून राहिलो. राहून गेलं."

"कोन्त्या पेपरात येनार हाय?"

"कोन्त्याच न्हाई."

"मंग कामून लिवून राहिले?"

"सरांनी विचारलंय," नागसेन म्हणाला. "अन् तुमीच तर पुसलं व्हतं, कुठं बघितलं म्हणून. फाटकापाशी बघितलं. पायरीवर."

केवळाबाईनं पळी पातेल्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि शाळेत हजेरी द्यावी तशी सरळ उभी राहून म्हणाली, "केवळाबाई मारोती गजभारे."

नागसेननं एकसष्टावं नाव लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"हाव," ती म्हणाली, "हीच मी," आणि पुढच्या पोराच्या ताटलीत खिचडी वाढू लागली.